चिमुकल्या काडतुसाची टंचाई

टंचाई हा शब्द कानीं पडतांच अवर्षण, युद्ध, संप किंवा बंद पडलेला कारखाना यांपैकीं कांहीं तरी मनापुढें उभें राहतें. पीक बुडालें म्हणून धान्य मिळेनासें झालें, जहाजें अडलीं म्हणून औषध महागलें, हें कोणासही समजण्यासारखें आहे. परंतु शेत नेहमीपेक्षां अधिक पिकत असतां कोठार मात्र रिकामें पडावें, हा प्रकार विरळा. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इ. स. २०१३ पासून सुमारें तीन वर्षें तो एका अगदीं क्षुल्लक वस्तूच्या बाबतींत घडला. ही वस्तु म्हणजे जेमतेम एक इंच लांबीचें, पेन्सिलीएवढ्या जाडीचें, हौशी नेमबाजांचें एक काडतूस. कारखाने रात्रंदिवस चालत होते, मालाच्या गाड्या दुकानांच्या दारांशीं येत होत्या, आणि तरीही दुकानांतील फळ्या रिकाम्या दिसत होत्या. पूर्वीं पोरासोरांनीं खेळतां खेळतां उडवावें असें जें स्वस्त काडतूस, तें मिळविण्यासाठीं प्रौढ माणसें पहाटे दुकानापुढें रांगा लावूं लागलीं. हें कसें घडलें, आणि त्याचा भार शेवटीं कोणाच्या माथीं बसला, हें पाहणें बोधप्रद होईल.

प्रथम या काडतुसाचा परिचय करून घेतला पाहिजे. त्याला 'पॉइंट टू टू' म्हणतात. कारण नांवाप्रमाणें त्याच्या गोळीचा व्यास इंचाच्या शंभर भागांपैकीं बावीस भाग, म्हणजे सुमारें साडेपांच मिलिमीटर आहे. त्याची जात 'रिमफायर', म्हणजे कांठावर पेटणारी. काडतूस म्हणजे एका टोकास बंद असलेली पितळेची नळी. तिच्या बुडाशीं किंचित् बाहेर आलेली एक कड असते, आणि ही कड आंतून पोकळ असून तिच्या घडींत आघातानें पेट घेणारें मिश्रण भरलेलें असतें. चाप ओढला कीं बंदुकीची खीळ त्या कडेवर आपटते, कड चेपते, ठिणगी पडते, नळींतील दारू पेटते आणि तिच्या वायूच्या दाबानें पुढची शिशाची गोळी सुटते. मोठ्या बंदुकांच्या काडतुसांची रचना याहून भिन्न आहे. त्यांच्या बुडाच्या मध्यभागीं एक स्वतंत्र लहान टोपी बसविलेली असते. म्हणून त्यांस 'सेंटरफायर' असें नांव आहे. हा भेद वरवर क्षुद्र वाटला, तरी पुढील सर्व हकीकत त्याच्यावरच उभी आहे.

रिमफायरचा जन्म खेळांतच झाला. इ. स. १८४५ च्या सुमारास पॅरिस येथील बंदूक बनविणारे लुई निकोला फ्लोबेर यांनीं ठासणीच्या बंदुकीच्या टोपीवरच एक बारीक गोळी बसविली. तींत निराळी दारू नव्हती. टोपीचा स्फोट तेवढाच गोळीस पुरे होई. हें साधन दिवाणखान्यांतील किंवा बागेंतील करमणुकीच्या नेमबाजीसाठीं होतें. इ. स. १८५७ मध्यें अमेरिकेंतील स्मिथ अँड वेसन या कंपनीनें याच कल्पनेंत दारूची भर घालून आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठीं आंखूड काडतूस काढलें. पुढें कांहीं वर्षें मोठ्या आकाराचीं रिमफायर काडतुसेंही निघालीं. १८६० च्या हेन्री रायफलींत तींच वापरीत. परंतु खिळीच्या ठोक्यानें कड चेपली जावयाची, तर पितळ पातळ हवें. आणि पितळ पातळ, तर दारूचा मोठा जोर त्याला सोसवत नाहीं. यामुळें जबर काडतुसें सेंटरफायरकडे गेलीं आणि रिमफायरचें राज्य लहान आकारापुरतें उरलें. इ. स. १८८७ मध्यें स्टीव्हन्स कंपनीचें म्हणून मानलें जाणारें 'लाँग राइफल' या नांवाचें बावीसचें काडतूस आलें. त्याची नेहमीची गोळी चाळीस ग्रेनची, म्हणजे सुमारें अडीच ग्रॅमची. आज सव्वाशेंहून अधिक वर्षें लोटलीं, तरी तेंच काडतूस जगभर चालू आहे.

तें स्वस्त कां, हें त्याच्या घडणीवरून कळतें. पितळेच्या पत्र्याच्या चकत्या कापावयाच्या, त्यांच्या वाट्या दाबावयाच्या, वाट्या ओढून नळ्या करावयाच्या, बुडाशीं कड काढावयाची. त्यानंतर पेटतें मिश्रण ओलें असतांनाच मोजून नळींत टाकतात आणि फिरत्या दांड्यानें दाबून तें कडेच्या पोकळींत पसरवितात. वाळल्यावर तें थोड्याशा घर्षणानेंही भडकतें. म्हणून हें काम ओलें असतां उरकणें भाग असतें. मग दारू, मग शिशाची गोळी, मग तिच्यावर मेणाचा किंवा वंगणाचा हात. सुटे भाग थोडे, धातु थोडी, आणि यंत्रें एकदां चालूं झालीं कीं माल लाखांनीं बाहेर पडतो. परंतु याच घडणीला दुसरी बाजू आहे. सेंटरफायर काडतूस उडाल्यावर त्याची रिकामी नळी हौशी माणूस घरीं नेतो, नवी टोपी बसवितो, दारू व गोळी भरतो आणि पुन्हां वापरतो. रिमफायरची कड एकदां चेपली कीं नळी मोडींतच जावयाची. घरगुती साधनांनीं ती पुन्हां भरणें व्यवहारांत बसत नाहीं. तात्पर्य, या एका काडतुसापुरता नेमबाज सर्वस्वीं कारखान्याच्या आधीन आहे. कारखाना देईल तेव्हां आणि देईल तितकें.

टंचाईपूर्वीं हें परावलंबन कोणाच्या ध्यानांतही येत नसे. २०१२ साली अमेरिकेंतील मोठ्या दुकानांत साध्या प्रतीच्या साडेपांचशें काडतुसांचें खोकें सुमारें वीस डॉलरांना मिळे. म्हणजे एका काडतुसास चार सेंटांहूनही कमी. त्याच काळीं मोठ्या रायफलीच्या एकेका काडतुसास याच्या कितीतरी पट पैसे पडत. साहजिकच बावीस हें शिकाऊ माणसाचें काडतूस ठरलें. स्काउटांच्या उन्हाळी शिबिरांतील नेमबाजीचे वर्ग, ग्रामीण मुलामुलींच्या फोर-एच मंडळांतील नेमबाजी, लहान गांवांतील क्लबांच्या साप्ताहिक चढाओढी, शेतकऱ्याच्या घरीं खारी-सशांच्या शिकारीसाठीं ठेवलेली जुनी रायफल, या सर्वांचा आधार तेंच. त्याला धक्का जवळजवळ नाहीं, आवाज बेताचा; म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलाला बंदूक कशी धरावी, तिचें तोंड कोणीकडे असावें, श्वास कोठें रोखावा, चाप कसा हळुवार ओढावा, हें वडिलांच्या देखरेखीखालीं तिच्यावर शिकवितां येई. नेमबाजीची ही बिगारी होती आणि तिची फी नाममात्र होती.

इ. स. २०१२ च्या डिसेंबरच्या १४ तारखेस कनेक्टिकट संस्थानांतील न्यूटाउन येथें सँडी हूक या प्राथमिक शाळेंत एका तरुणानें बंदुकीनें वीस बालकें आणि सहा वडील माणसें ठार केलीं. सारा देश शोकानें हादरला, आणि शस्त्रांवर नवे निर्बंध घालण्याची मागणी जोरानें पुढें आली. ही मागणी न्याय्य कीं अन्याय्य, हा प्रश्न निराळा आहे. येथें पाहावयाचें तें एवढेंच कीं, कायदा होणार अशी बोलवा उठतांच, तो होण्यापूर्वीं घेऊन ठेवावें म्हणून लोक दुकानांकडे धावले. परवानाधारक दुकानदाराकडून बंदूक घेणाऱ्याची पूर्वचौकशी तेथें एफ्. बी. आय्. या खात्यामार्फत होते. त्या एका डिसेंबर महिन्यांत अशा चौकशा सुमारें २७ लाख ८० हजार झाल्या. २०१२ या संपूर्ण वर्षांत त्या १ कोटी ९६ लाखांच्या घरांत होत्या. २०१३ मध्यें २ कोटी ११ लाखांच्या घरांत गेल्या. एक चौकशी म्हणजे एक विक्री असें नेमकें गणित नाहीं. तरी वारा कोणत्या दिशेस वाहत होता हें या आंकड्यांवरून स्पष्ट होतें.

यांतील मौजेची, किंबहुना खेदाची गोष्ट अशी कीं, बावीसच्या रिमफायरवर कोणाचा विशेष रोख नव्हताच. चर्चा चालली होती ती लष्करी घाटाच्या रायफलींची आणि एका वेळीं दहांहून अधिक काडतुसें मावणाऱ्या पेट्यांची. २०१३ च्या जानेवारींत सीनेटमध्यें आलेल्या विधेयकानें तर फक्त बावीसचीं रिमफायर काडतुसें घेणारी, बंदुकीला जोडलेली नळीची पेटी त्या बंदींतून स्पष्टपणें वगळली होती. पुढें त्याच वर्षीं १७ एप्रिल रोजीं ती बंदीची सूचना ४० विरुद्ध ६० मतांनीं पडली; आणि पूर्वचौकशीचें क्षेत्र वाढविणारी दुसरी सूचना, तिला ५४ मतें मिळूनही, जरूर त्या ६० मतांअभावीं मागें पडली. याप्रमाणें भीतीचें मूळ कारण चार महिन्यांत नाहींसें झालें. भीति मात्र नाहींशी झाली नाहीं.

तिला खतपाणी घालावयास अफवा होत्याच. देशाच्या अंतर्गत सुरक्षेचें खातें दीडशें कोटींहून अधिक काडतुसें विकत घेऊन बाजार मुद्दाम रिता करीत आहे, असें बोललें जाऊं लागलें. हा आंकडा वस्तुतः अनेक वर्षांच्या करारांतील कमाल मर्यादेचा होता; प्रत्यक्ष खरेदीचा नव्हता. अमेरिकन काँग्रेसच्या हिशेबतपासणी कार्यालयानें चौकशी करून २०१४ च्या जानेवारींत अहवाल दिला. २००८ ते २०१३ या आर्थिक वर्षांत त्या खात्याची सरासरी वार्षिक खरेदी सुमारें १० कोटी ९० लाख काडतुसांची होती, आणि २००९ नंतर ती वाढण्याऐवजीं उतरत होती, असें त्यांत दिसून आलें. परंतु अहवाल वाचणारे थोडे आणि रिकामी फळी पाहणारे फार. रिकामी फळी हाच अफवेचा पुरावा ठरला. आणि तो पुरावा पाहून जो तो आणखी एक खोकें उचलूं लागला, त्यामुळें फळी आणखी रिकामी झाली.

ही गोष्ट शाळेंतील त्रैराशिकानेंही उलगडते. समजा, एका गांवांत एक हजार नेमबाज आहेत. प्रत्येकजण महिन्यास शंभर काडतुसें उडवितो आणि घरीं शंभर काडतुसें शिलकेस ठेवतो. गांवाची मासिक गरज एक लाख, आणि कारखान्याकडून येणारा पुरवठाही एक लाख. दुकान भरलेलें, भाव स्थिर, सर्व सुरळीत. एके दिवशीं प्रत्येकाच्या मनांत येतें कीं, घरीं शंभराऐवजीं एक हजार असावींत. ही कांहीं लोभी माणसाची इच्छा नव्हे; साडेपांचशेंचीं दोन खोकीं आणलीं कीं ती पुरी होते. तरीही एकूण नवी मागणी नऊ लाखांची झाली. म्हणजे संपूर्ण नऊ महिन्यांचा माल, आणि तोही पूर्वींपेक्षां एक गोळी अधिक न उडवितां! आतां कारखान्यानें नेट लावून उत्पादन शंभरांस दहा या प्रमाणांत वाढविलें, तर दरमहा दहा हजार काडतुसें जास्त येतील. नऊ लाखांची भूक त्यांनीं भागवावयास नव्वद महिने, म्हणजे साडेसात वर्षें लागतील. हा हिशेब केवळ कल्पनेंतला आहे. परंतु खऱ्या टंचाईची किल्ली त्यांतच आहे. एकट्या माणसानें केलेली बेगमी हा शहाणपणा असतो; सर्वांनीं एकाच दिवशीं केलेली तीच बेगमी म्हणजे दुष्काळ.

मग मोठ्या काडतुसांचा पुरवठा तुलनेनें लवकर सुधारला आणि या सर्वांत स्वस्त काडतुसाचा सर्वांत उशिरा, असें कां व्हावें? एक कारण असें कीं, स्वस्त वस्तूचाच साठा करणें सोपें असतें. हजार मोठीं काडतुसें घेण्यास खिसा रिकामा करावा लागे. हजार बावीस घेण्यास दोन वेळच्या हॉटेलांतील जेवणाचे पैसे पुरत, आणि तीं ठेवण्यास कपाटाचा एक कोपराही पुरे होई. दुसरें कारण असें कीं, मोठ्या काडतुसांची टंचाई पडली तर जुन्या नळ्या भरून कांहीं काळ निभावतां येई. येथें तो मार्ग बंद. तिसरें आणि मुख्य कारण कारखान्याचें. आयडाहोंतील लुइस्टन किंवा मिनेसोटांतील अनोका येथील मोठे कारखाने अविरत चालत होते. परंतु रिमफायरचीं यंत्रें केवळ रिमफायरचींच. सेंटरफायरचें यंत्र रातोरात तिकडे वळवितां येत नाहीं. नवी रांग उभारावयाची, तर मोठें भांडवल, बराच काळ आणि त्या ओल्या, धोकेबाज मिश्रणावर काम करण्याइतके तयार हात लागतात. शिवाय एका काडतुसामागें नफा अत्यल्प. म्हणून कारखानदारानें आधीं विचारावयाचें तें हेंच, कीं ही मागणी टिकणारी आहे, कीं कपाटें भरतांच ओसरणारी?

कारखानदाराच्या या धास्तीला भित्रेपणा म्हणतां येणार नाहीं. पुढें तसेंच घडलें. २०१६ च्या नोव्हेंबरांतील अध्यक्षीय निवडणुकीपूर्वीं पुन्हां निर्बंधांच्या अपेक्षेनें खरेदी झाली. निकाल मात्र उलट लागला, भीति ओसरली आणि घराघरांतील साठे पाहून लोकांनीं नवी खरेदी आंखडती घेतली. पूर्वीं ज्यासाठीं रांगा लागत, त्याच मालावर दुकानदार सूट देऊं लागले. डोक्यावर मोठें कर्ज असलेल्या रेमिंग्टनसारख्या दोनशें वर्षांच्या कंपनीस २०१८ च्या मार्चमध्यें दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. २०२० च्या जुलैमध्यें तिनें दुसऱ्यांदा तो केला, आणि तिच्या धंद्याचे तुकडे होऊन काडतुसांचा कारखाना दुसऱ्या कंपनीकडे गेला. दैवाचा खेळ असा कीं, नेमक्या त्याच वर्षीं कोरोनाच्या साथीनें, शहरांतील दंग्यांनीं आणि निवडणुकीच्या धामधुमीनें मागणीचा नवा पूर उसळला. पूर्वचौकशांचा आंकडा ३ कोटी ९७ लाखांच्या आसपास गेला. त्या वर्षीं आठ दशलक्षांहून अधिक लोकांनीं आयुष्यांत प्रथमच बंदूक घेतली, असा त्या धंद्याच्या संघाचा अंदाज होता. फळ्या पुन्हां रिकाम्या झाल्या. जो धडा तीन वर्षें रांगेंत उभें राहून शिकला गेला होता, तो चार वर्षांत विसरला गेला. किंवा असें म्हणावें कीं, लोकांनीं त्यांतून एवढाच बोध घेतला, कीं पुढच्या वेळीं शेजाऱ्याच्या आधीं पोहोंचावें.

दुकानदाराचीही या काळांत कसोटी लागली. भाव वाढवावा, तर जुनें गिऱ्हाईक नफेखोर म्हणणार. न वाढवावा, तर सकाळीं आलेला माल दुपारपर्यंत नाहींसा होणार. वॉलमार्टसारख्या मोठ्या दुकानसाखळीनें २०१३ च्या आरंभीं भाव फारसा न वाढवितां माणशीं दिवसास तीन खोक्यांची मर्यादा घातली. हेतु चांगला, परंतु मर्यादेचा लाभ ज्याला वेळ आहे त्यालाच झाला. मालाची गाडी कोणत्या वारीं, किती वाजतां येते, हें हेरून कांहीं मंडळी रोज दारांत उभीं राहूं लागलीं आणि वीस डॉलरांचें खोकें बाहेर दुप्पट-तिप्पट किंमतीस विकूं लागलीं. जो मजूर किंवा शिक्षक सायंकाळीं कामावरून सुटून दुकानांत येई, त्याला फळीवर धूळ दिसे. याउलट ज्यांनीं भाव वाढूं दिला, त्यांच्या दुकानांत माल कांहीं काळ दिसे. परंतु मग तो ज्याच्या हातीं पैसा आहे त्याच्या हातीं जाई. एका मार्गांत वेळ असलेला जिंकतो, दुसऱ्यांत पैसा असलेला. शाळकरी मुलाजवळ आणि त्याच्या मध्यमस्थितींतील बापाजवळ दोन्ही बेताचेंच असतें.

येथें या प्रकरणाचा गाभा आहे. टंचाईच्या काळांत जुने, मुरलेले नेमबाज नेमबाजी सोडून गेले नाहींत. त्यांच्या कपाटांत साठा होता, ओळखीचा दुकानदार होता, दुसऱ्या जातीची बंदूक होती. अडला तो नवशिका. शिबिरांत ज्या मुलास पन्नास गोळ्या मिळावयाच्या, त्याला दहा देऊन उठवावें लागलें तर त्याचा हात बसणार कसा? लक्ष्यावर गोळ्यांचा झुपका एका ठिकाणीं पडूं लागतो तो पहिल्या दहांत नव्हे. चुका करावयास आणि त्या सुधारावयास पुरेशा गोळ्या मिळाल्यावरच. ज्यांच्याजवळ दूरदृष्टि होती अशा शिक्षकांनीं तोड काढली. कोणी हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफली आणल्या, कोणी रिकाम्या बंदुकीवर श्वास व चाप यांचा सराव घेतला. त्या सरावाचें मोल थोडें नाहीं. तथापि गोळी सुटते आणि कागदावर छिद्र पडतें, त्या क्षणीं मुलाला जें कळतें तें कोरड्या सरावानें कळत नाहीं. साठा करणाऱ्यांपैकीं पुष्कळांनीं तो 'मुलांसाठीं' म्हणूनच केला होता. दुसऱ्याच्या मुलाचा घास त्या कपाटांत बंद झाला, हें त्यांच्या लक्षांत आलें नाहीं.

हें सर्व सातासमुद्रांपलीकडलें असलें, तरी त्याच चिमुकल्या काडतुसाशीं महाराष्ट्राचा संबंध अगदीं निकटचा आहे. भारतीय राष्ट्रीय रायफल संघ १९५१ साली स्थापन झाला, तेव्हां त्याचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापति दादासाहेब मावळंकर. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० मध्यें म्युनिच येथें पन्नास मीटर प्रोन रायफलीचें जागतिक विजेतेपद मिळविलें. कोल्हापूर जिल्ह्यांतीलच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं १ ऑगस्ट २०२४ रोजीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारांत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकाविलें. या दोन्ही स्पर्धा बावीसच्या रिमफायरच्याच. पन्नास मीटरांवर दहा गुणांचें वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटरांचें, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढें असतें. तेथें साध्या प्रतीचें काडतूस उपयोगी पडत नाहीं. इंग्लंड-जर्मनींतील नामांकित कारखान्यांत विशेष काळजीनें बनविलेलें लागतें. त्यांतही प्रत्येक खेपेचा माल सूक्ष्म फरकानें निराळा, आणि प्रत्येक रायफलीची नळी आपल्या आवडीची. म्हणून मोठे नेमबाज आपली रायफल घेऊन निरनिराळ्या खेपांची परीक्षा करतात आणि जी खेप आपल्या नळीस मानवते तिचाच पुढील हंगामाचा साठा घेतात.

म्हणजे साठा करणें हाच दोष, असेंही म्हणतां येत नाहीं. कोल्हापूरचा नेमबाज हंगामापुरता साठा करतो तो रोज झिजविण्यासाठीं. त्याला किती काडतुसें लागणार याचा त्याच्याजवळ मोजका हिशेब असतो. भारतांत हा हिशेब कायदाही विचारतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालीं परवाना लागतो, आणि वर्षास किती काडतुसें घ्यावयाचीं याचें माप ठरलेलें असतें. सरावास तें अपुरें पडतें असें दिसल्यावरून केंद्र सरकारनें २०२० च्या फेब्रुवारींत नेमबाजांचें हें माप बरेंच वाढविलें. परदेशी मालाची किंमत आणि परवान्याची वाट या अडचणींमुळें येथील बहुतेक मुलांचा श्रीगणेशा हवेच्या रायफलीवर होतो, आणि रिमफायरपर्यंत पोहोंचणारे थोडे असतात. अमेरिकेंतील मुलाला काडतूस भीतीमुळें मिळालें नाहीं. येथील मुलाला तें खर्चामुळें आणि नियमांमुळें मोजकें मिळतें. कारणें भिन्न असलीं, तरी दोघांनाही एक गोष्ट सारखीच हवी असते. ती स्वस्ताई नव्हे, तर भरंवसा. पुढील महिन्यांत तेंच काडतूस, साधारण त्याच भावानें मिळेल हा भरंवसा. तो असला म्हणजे माणूस साठा करीत नाहीं, शिकतो.

कारखान्यानें यंत्रें वाढवावींत, सरकारनें आपल्या खरेदीचे आंकडे वेळेवर व स्पष्ट सांगावेत, दुकानदारानें मालाचा कांहीं भाग क्लबांना आणि शिबिरांना राखून ठेवावा, हे उपाय सांगतां येतील आणि ते उपयुक्तही आहेत. परंतु उद्यां मिळणार नाहीं या शंकेनें आज दुप्पट उचलणारा हात जोंपर्यंत थांबत नाहीं, तोंपर्यंत कोणतेंही यंत्र पुरें पडणार नाहीं. हें काडतुसाविषयीं जितकें खरें, तितकेंच साखर, मीठ, औषध यांविषयींही खरें आहे. दुकानांतील रिकामी फळी पाहून पहिला प्रश्न मनांत येतो तो, माल गेला कुठें? अमेरिकेच्या त्या तीन वर्षांनीं त्याचें उत्तर दिलें आहे. माल कोठेंही गेला नव्हता. तो घरोघरींच्या कपाटांत, न उडविलेला, सुरक्षित पडून होता. आणि बाहेर मैदानावर एक मूल रिकामी रायफल घेऊन आपल्या पाळीची वाट पाहत होतें.